झाकलेली बुद्धी, घराची अमानत

"जेवणात गोळी मिसळून दिली तर चालेल का?" हा प्रश्न इमामाला मशिदीच्या आत क्वचितच विचारला जातो. जमात पांगल्यावर, वजूच्या हौदापाशी, आवाज खाली करून तो विचारला जातो. विचारणारा कधी बाप असतो, कधी थोरला भाऊ. घरातला तरुण मुलगा महिनोन्महिने कुणाशी नीट बोलत नाही, रात्र रात्र जागतो, कानात कुणीतरी शिव्या देते असे सांगतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी त्याची खात्री झालेली असते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण तो म्हणतो, मी आजारी नाही, आजारी तुम्ही आहात. मग आई चहात किंवा वरणात गोळी विरघळवते. मुलगा शांत होतो, झोपू लागतो. आईची झोप मात्र उडते. कारण त्या मुलाचा मुख्य संशयच हा असतो की, घरचे लोक आपल्या अन्नात काहीतरी मिसळतात.

प्रिय वाचकहो, या एका कपभर चहात किती मोठा नैतिक पेच आहे, हे पाहावे. एका बाजूला आईची ममता आणि जीव वाचवण्याची निकड, दुसऱ्या बाजूला आजारी माणसाचा आपल्याच घरावरचा विश्वास. ज्या आजारात संशय हेच लक्षण आहे, त्या आजारात संशय खरा ठरवणारी कृती औषध म्हणून करावी काय? या प्रश्नाला 'जाईज' किंवा 'नाजाईज' अशा एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होता येत नाही. कुटुंबाला आजारी माणसावर नेमका कोणता अधिकार आहे आणि तो कुठे संपतो, हे आधी ठरवावे लागते.

ज्या आजाराविषयी आपण बोलत आहोत त्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, लोकव्यवहारात स्किझोफ्रेनिया. तो बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतो. २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, हा व याच गटातील इतर तीव्र आजार आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचे प्रमाण प्रौढांमध्ये शंभरात एकाहून थोडे अधिक आहे. म्हणजे शंभर-दीडशे घरांच्या मोहल्ल्यात अशी दोन-चार घरे असणारच. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण ती दार लावून घेतात.

आजाराची दोन रूपे असतात. एक सर्वांना दिसते: आवाज ऐकू येणे, भास, संशय, असंबद्ध बोलणे. दुसरे दिसत नाही, किंवा दिसूनही वेगळ्याच नावाने ओळखले जाते: आंघोळ न करणे, तासन्‌तास एका जागी बसून राहणे, कामाची आणि माणसांची ओढच नाहीशी होणे. पहिल्याला आपण 'बाहेरचे लागले' म्हणतो आणि दुसऱ्याला 'आळस'. माझ्या मते दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त घरे पोखरते. भास गोळीने बरेच कमी होतात. पण "इतका मोठा घोडा झाला, बापाच्या जिवावर खातो" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या मुलाला त्या वाक्यापासून वाचवणारी गोळी नाही.

अरबीत अशा रुग्णाला 'मजनून' म्हणतात. आपण हा शब्द प्रेमवेड्याच्या गोष्टीसाठी राखून ठेवला आहे. पण त्याच्या धातूकडे पाहण्यासारखे आहे. जीम-नून-नून या धातूचा मूळ अर्थ झाकणे, दृष्टीआड करणे. आईच्या उदरात झाकलेला तो 'जनीन', दाट झाडीने झाकलेली ती 'जन्नत', डोळ्यांना न दिसणारा तो 'जिन्न', छातीवर झाकण धरणारी ढाल 'मिजन्न'. या कुळात 'मजनून' म्हणजे ज्याची बुद्धी झाकली गेली आहे तो. भाषेने त्याला बुद्धिहीन म्हटलेले नाही. झाकलेली वस्तू अस्तित्वात असते, आणि झाकण कधी पूर्ण असते, कधी अर्धे सरकते. आपल्या फकीहांनी ही गोष्ट नेमकी पकडली होती. हनफी ग्रंथांत उन्मादाचे दोन प्रकार केले आहेत: सतत राहणारा आणि मधूनमधून ओसरणारा. ओसरलेल्या काळात त्याच माणसाचे बोलणे, व्यवहार, कबुली ही शहाण्या माणसाची मानली जाते. म्हणजे "तो वेडा आहे, त्याला काय विचारायचे?" हे वाक्य शरीअतच्या दृष्टीनेही सरसकट बोलता येत नाही. आज, या घटकेला, या बाबतीत त्याला कळते की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. भारताचा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (तो २९ मे २०१८ पासून लागू आहे) हाही याच पायावर उभा आहे: प्रत्येक व्यक्तीला आपल्या उपचारांविषयी निर्णय घेण्याची क्षमता आहे असे गृहीत धरायचे, आणि ती नसल्यास त्या वेळेपुरता आधार द्यायचा.

आता कुटुंबाच्या अधिकाराकडे येऊ. पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसाच्या पाचव्या आयतीत, ज्यांना आपला पैसा सांभाळण्याची समज नाही त्यांच्या हाती संपत्ती सोपवू नये, असा आदेश आहे. आपल्याकडे ही आयत बहुधा इथेच थांबवली जाते. वाटणीच्या वेळी तर हमखास. परंतु आयत पुढे तीन गोष्टी सांगते: त्याच संपत्तीतून त्यांना खाऊ घाला, कपडालत्ता द्या, आणि त्यांच्याशी भल्या रीतीने बोला. ज्याची समज कमी आहे त्याच्याशी कसे बोलावे, याचा उल्लेख मालमत्तेच्या आयतीत यावा, हे फार अर्थपूर्ण आहे. पालकत्वाचा अधिकार, ज्याला फिकहमध्ये 'विलायत' म्हणतात, तो मालकी नव्हे. तो त्या व्यक्तीच्या हितापुरता असतो, हित संपले की संपतो, आणि त्याच्या बदल्यात तीन देणी लागतात: अन्न, वस्त्र आणि सन्मानाची वाणी. पहिली दोन देणी आपल्या समाजात बहुतेक घरे देतात. तिसऱ्याची थकबाकी मोठी आहे.

औषधाच्या प्रश्नावर सीरतमध्ये एक असा प्रसंग आहे की, तो या विषयावर क्वचित सांगितला जातो याचे मला आश्चर्य वाटते. सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून तो आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या आजारात घरच्या मंडळींनी त्यांच्या तोंडात कडेने औषध घातले. प्रेषितांनी (स.) खुणेने नको म्हटले. घरच्यांनी विचार केला, आजारी माणूस औषधाला नाही म्हणतोच. शुद्ध आल्यावर प्रेषितांनी (स.) त्याबद्दल स्पष्ट नाराजी व्यक्त केली: मी मनाई केली नव्हती काय? आणि घरात हजर असलेल्या सर्वांना तेच औषध घ्यायला लावले, त्या वेळी तेथे नसलेल्या हजरत अब्बास (रजि.) यांना तेवढे वगळले. घरच्यांचे प्रेम निःशंक होते, हेतू निर्मळ होता. तरीही नकार हा नकार होता. "रुग्ण औषधाला कंटाळतोच" हे आपले लाडके समर्थन त्या घरातही दिले गेले आणि ते स्वीकारले गेले नाही.

कुणी म्हणेल, प्रेषितांची (स.) बुद्धी आजारातही पूर्ण होती, आमच्या मुलाची नाही. हा फरक खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. म्हणूनच या प्रसंगावरून 'कधीच मिसळू नये' असा हुकूम मी काढत नाही. आणीबाणीचे प्रसंग असतात: मुलगा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे, चार दिवस अन्नपाणी नाही, दवाखान्यात नेणे तत्काळ शक्य नाही. निकडीच्या काळात सवलत मिळते, हा फिकहचा परिचित नियम आहे. त्याच नियमाचा दुसरा भाग असा की, निकड जितकी तितकीच सवलत. तेव्हा डॉक्टरांना सांगून, त्यांच्या सल्ल्याने, अगदी थोड्या दिवसांसाठी असे करावे लागले तर आईला गुन्हेगार ठरवणारा मी कोण? परंतु हीच रीत वर्षानुवर्षे चालवणे वेगळे. त्यात तीन दोष आहेत. अर्धा कप चहा उरला तर किती औषध पोटात गेले हे कुणालाच कळत नाही. औषधाने हात थरथरू लागले, मान आखडली, वजन वाढले, तर त्याचे कारण ज्याला माहीत हवे त्यालाच माहीत नसते. आपल्या शरीरात कुणीतरी बिघाड करत आहे असे त्याला वाटू लागते, आणि ते अगदीच खोटे म्हणता येत नाही. तिसरा दोष सर्वांत जड आहे. एखाद्या दिवशी त्याला कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसतो. त्या दिवसापासून तो आईच्या हातचे खात नाही, आणि डॉक्टर, घर, नातलग या सर्वांना तो एकाच कटातले समजतो.

यावर मार्ग नाही असे नाही. महिन्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन असते. रोजची गोळी नाकारणारे काही रुग्ण ते मान्य करतात, कारण रोज उठून 'मी आजारी आहे' हे कबूल करावे लागत नाही. कुणी आजार मान्य करत नाही पण झोप लागत नाही हे मान्य करतो. तर बोलणे झोपेपासून सुरू करावे. घरच्यांचे न ऐकणारा मुलगा एखाद्या जुन्या मास्तरांचे, मामाचे, मशिदीच्या मुअज्जिनचे ऐकतो. आणि ज्यांनी मिसळून दिले आहे त्यांनी, तो सावरल्यावर, डॉक्टरांच्या समोर, त्याला ते सांगावे. हे सांगणे अवघड आहे. पण झाकण सरकलेल्या काळातली त्याची बुद्धी शहाण्याची मानायची असेल, तर त्या बुद्धीला सत्य ऐकण्याचा हक्क आहे.

गोळीचा प्रश्न निदान औषधाच्या वाटेवरचा तरी आहे. अनेक घरे त्या वाटेवर येण्याआधी दुसऱ्याच वाटेने दोन-तीन वर्षे घालवतात. शहापूर-मुरबाड भागात आदिवासी पाड्यांवर भगत आहे, तर आपल्या वस्त्यांत आमिल. जिन्नांचे अस्तित्व कुरआनने सांगितले आहे आणि त्यावर आमचा ईमान आहे. परंतु जिन्न आहेत यावरून प्रत्येक ऐकू येणारा आवाज जिन्नाचा आहे असे सिद्ध होत नाही; पाऊस अल्लाह पाडतो यावरून छपराची गळती दुरुस्त करू नये असे ठरत नाही, तसेच हे. प्रत्येक रोगाबरोबर अल्लाहने त्याचा उपचारही उतरवला आहे, या आशयाची सहीह हदीस शारीरिक आणि मानसिक असा भेद करत नाही. कुरआनच्या आयती वाचून दम करणे, दुआ करणे, याला कुणाची हरकत नाही, आणि घाबरलेल्या जिवाला आईच्या आवाजातील तिलावत शांत करते. मात्र जो आमिल गोळ्या बंद करायला सांगतो, उपाशी ठेवतो, मिरचीची धुरी देतो, चाबूक मारतो, तो इलाज करत नसून जुलूम करतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे आणि मारहाण करणे हा गुन्हा मानतो. हा कायदा आपल्या दीनविरुद्ध आहे असे समजणाऱ्या मंडळींनी, दीनमध्ये आजारी माणसाला मारण्याची परवानगी कुठे आहे ते दाखवावे.

साखळीचा विषय निघाला म्हणून तमिळनाडूतील एरवाडीची आठवण देतो. तेथील दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी आश्रयगृहे होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली. माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण मृत्युमुखी पडले. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांचे घरचे लोकच होते; त्यांतल्या बहुतेकांनी द्वेषाने नव्हे, थकून आणि आशेने सोडले असेल. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. याउलट गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात, जिथे आपल्या ठाणे जिल्ह्यातूनही माणसे जातात, 'दवा आणि दुआ' या उपक्रमात मुजावर आणि मानसोपचार करणारे एकमेकांशी बोलू लागले: मन्नतीसाठी आलेल्या रुग्णाला मुजावरच डॉक्टरांकडे पाठवू लागले. दर्ग्यांच्या प्रथांविषयी माझी मते या मासिकाच्या वाचकांना ठाऊक आहेत. तरीही या कामाला मी चांगलेच म्हणेन.

इथे आपल्या इतिहासाचा एक उल्लेख करतो, बढाईसाठी नव्हे. दमास्कसमध्ये ११५४ साली नूरुद्दीन झंगी यांच्या नावाचा बीमारिस्तान उभा राहिला, कैरोमध्ये १२८४ साली सुलतान कलावून यांचा. या रुग्णालयांत मनोरुग्णांसाठी वेगळे विभाग असत आणि खर्च वक्फमधून चाले. त्याआधी दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. पूर्वजांनी वक्फच्या पैशात मनोरुग्णाचा वाटा ठेवला होता. आज आपल्या जमातींच्या जकातीच्या यादीत विधवा आहेत, विद्यार्थी आहेत, डायलिसिसचे रुग्ण आहेत. त्यात मनोरुग्णाचे घर मात्र सहसा सापडत नाही, कारण ते घर अर्जच करत नाही.

खरे तर या आजारात घर हेच मोठे इस्पितळ आहे. भारतात हे फार पूर्वी ओळखले गेले. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णाजवळ राहायला बोलावले, आणि जे घरी परतण्याची आशा सुटली होती असे अनेक रुग्ण नातलगांबरोबर परत गेले. पुढे लंडनमधील संशोधकांना दिसले की, ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते, वैर दाखवले जाते, किंवा काळजीपोटी त्याला श्वासही घेऊ दिला जात नाही, तिथे आजार अधिक वेळा उलटतो. तीच तपासणी चंदिगडच्या आसपासच्या कुटुंबांत केली तेव्हा अशी टीका तिथे लंडनपेक्षा कमी आढळली. आपल्या एकत्र राहण्यात बळ आहे. पण ते बळ जिभेवर अवलंबून आहे.

आपल्या राज्यातही पुरावा आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत मिळून २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि २०१४ साली तो वैद्यकीय जगात प्रसिद्ध झाला. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठवले. औषधे नियमित घेण्यास मदत करणे, घरच्यांना आजार समजावणे, रुग्णाला पुन्हा कामात आणि माणसांत आणणे, असे त्यांचे काम. वर्षाअखेर केवळ दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची लक्षणे आणि अपंगत्व कमी झाले. फरक फार मोठा नव्हता, पण होता. आणि तो घडवणारी माणसे आपल्या आशाताईंसारखीच होती. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांच्या नातलगांना एकत्र बसवते. वाणी कॅनडात प्राध्यापक होते आणि हा आजार त्यांच्या स्वतःच्या घरात होता. 'देवराई' हा २००४ चा मराठी चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून झाला. चित्रपट पाहण्याविषयी वाचकांची मते भिन्न असतील. पण आपल्या घरातला आजार लपवण्याऐवजी एका माणसाने तो समाजापुढे मांडला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आता शहापूर-मुरबाडच्या जमिनीवर उतरू. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. नकाशावर ते आपल्याच जिल्ह्यात आहे. पण मुरबाडला रेल्वे नाही. टोकावडे किंवा धसईपलीकडच्या गावातल्या माणसाने आधी एसटीने कल्याण गाठावे, मग गर्दीच्या लोकलने ठाणे. डोळखांब, किन्हवलीच्या माणसाने आधी शहापूर, मग आसनगाव स्थानक. संशयाने पछाडलेल्या मुलाला, ज्याला डब्यातला प्रत्येक जण आपल्याकडेच पाहतो असे वाटते, त्या लोकलमधून नेणे म्हणजे काय, हे त्याच्या भावालाच ठाऊक. शिवाय दोघांची मजुरी बुडते, आणि भातलावणीच्या दिवसांत तर निघणेच होत नाही. वीटभट्टीवर हंगामाला जाणाऱ्या कुटुंबांच्या गोळ्या स्थलांतरात सुटतात. "दोन महिने गोळ्या घेतल्या, बरा झाला, म्हणून बंद केल्या" आणि "दोन महिने घेतल्या, मग जाणे जमले नाही" या दोन वाक्यांत आजार उलटण्याच्या बहुतेक कहाण्या सामावतात. म्हणून पहिली चौकशी जवळ करावी: शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, आपले प्राथमिक आरोग्य केंद्र. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या दिवशी कुठे येतात आणि गोळ्या तिथेच मिळतात का, हे आशाताईंना विचारून मशिदीच्या फलकावर लिहून ठेवणे एवढे काम जमातीला जमण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तीवर मराठीतही बोलता येते, आणि रुग्ण बोलायला तयार नसेल तर घरच्यांनाही सल्ला मिळतो.

घरात बोलावे कसे, यावर दोन शब्द. मुलगा म्हणाला, "अम्मी, शेजारी मला मारायला टपलेत," तर "काहीतरी बरळू नकोस" म्हटल्याने तो गप्प होतो, पण आवाज गप्प होत नाहीत. "हो, टपलेच आहेत" म्हणणे हे खोटे आणि घातक. या दोहोंमध्ये एक खरे वाक्य असते: "तुला भीती वाटतेय हे मला दिसतेय. मी इथेच आहे." सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आले आहे की, बुद्धीत काही बिघाड असलेली एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आली आणि मला तुमच्याशी काम आहे म्हणाली. प्रेषितांनी (स.) तिला आदराने अमुकाची आई असे संबोधून, तू सांगशील त्या गल्लीत मी येतो, असे सांगितले, आणि रस्त्यावर तिच्याबरोबर थांबून तिचे काम पूर्ण होईपर्यंत तिचे ऐकले. तिचे काम काय होते, हे हदीसमध्ये नाही. कदाचित ते इतरांना कळण्यासारखे कामच नव्हते. जागा तिने निवडली, वेळ तिने ठरवली.

एका धोक्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. या आजारात काहींच्या भासांना धर्माचे रूप येते. कुणी स्वतःला महदी म्हणवतो, कुणाच्या तोंडून ऐकवणार नाहीत असे शब्द निघतात. अशा वेळी बाजारात जमलेला घोळका काय करील याची भीती त्याच्या आईला दिवसरात्र असते. तीन जणांवरून लेखणी उचलली गेली आहे, या प्रसिद्ध हदीसमध्ये झोपलेला, अज्ञान बालक आणि बुद्धी झाकली गेलेला, असे तिघे येतात. ज्याच्या शब्दांची नोंद फरिश्ते करत नाहीत, त्याच्या शब्दांचा हिशेब चौकातल्या तरुणांनी मागू नये. हे जुम्याच्या खुतब्यातून आधीच सांगून ठेवायला हवे. प्रसंग घडल्यावर ऐकायला कुणी थांबत नाही. आणि मशिदीतून अशा माणसांना दूर ठेवा असे सांगणारी जी रिवायत काही जण पुढे करतात, ती मुहद्दिसांनी कमकुवत ठरवलेली आहे. तो शांतपणे सफमध्ये उभा राहत असेल तर त्याच्या पुटपुटण्याने शेजाऱ्याची नमाज बिघडत नाही.

रमजानचेही पाहावे. मुलगा बरा असला तरी रात्रीचे जागरण आणि चुकलेली मात्रा यांनी आजार उलटू शकतो. रोजा ठेवायचा असेल तर शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून सहरी-इफ्तारच्या वेळा बसवाव्यात. नसेल जमत तर आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे, ती नाकारण्यात परहेजगारी नाही.

लग्नाविषयी मात्र मला रागानेच लिहावेसे वाटते. "लग्न करून द्या, जबाबदारी पडली की ठीक होईल" हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि मुलीच्या घरी आजाराचा उल्लेख होत नाही. भिजलेले धान्य ढिगाच्या आत लपवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) फसवणाऱ्यांत मोजले, मग माणसाचा आजार लपवून कुणाच्या मुलीचे आयुष्य बांधणाऱ्याला काय म्हणावे? आजार सांगून, औषधे चालू असताना, दोघांच्या रजामंदीने झालेला निकाह सुखाचा होऊ शकतो, आणि तसे संसार आहेत. प्रश्न लपवण्याचा आहे. यातली विषमता तर उघड आहे: आजारी मुलाचे लग्न लावतात, आजारी सुनेला माहेरी सोडतात. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, पती दोन वर्षे वेडसर असल्यास, पत्नीला सुटकेचा मार्ग देतो. तो मार्ग तिला दाखवणारे कमी. पण पतीच्या घरी आजारी पडलेल्या पत्नीचा नफका बंद होत नाही, ही हनफी फिकहमधील साधी गोष्टही निकाह पढवणाऱ्या आम्हा लोकांकडून किती वेळा सांगितली जाते?

सेवेचा भार बहुतेक घरांत एकाच बाईवर असतो. ती मुलाची वेळ सांभाळते, नवऱ्याचा राग सांभाळते, शेजाऱ्यांची नजर सांभाळते. कुणावरही त्याच्या ताकदीपलीकडे बोजा नाही, हे सूरह अल-बकराच्या शेवटी आले आहे. पण अल्लाहने न टाकलेला बोजा कुटुंब तिच्यावर टाकत असेल तर तो कुटुंबाने उचलावा. आठवड्यातला एक दिवस थोरल्या भावाने मुलाबरोबर राहावे, एका महिन्याची दवाखान्याची फेरी चुलत्याने करावी, बहिणीने फोनवर आईचे ऐकून घ्यावे.

आणि वजूच्या हौदापाशी न विचारला जाणारा, पण प्रत्येक आईच्या मनातला प्रश्न: माझ्यानंतर याचे कोण? २०१७ च्या कायद्याने रुग्णाला स्वतः, शुद्धीत असताना, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून ठेवता येतो, आणि पुढे आजार वाढला तर कसे उपचार हवेत व कसे नकोत, हेही आगाऊ लिहिता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्याने अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागता येते. जमिनीच्या वाटणीत त्याचा वारसा हक्क पूर्ण आहे. आजारामुळे तो एका गुंठ्यानेही कमी होत नाही, फक्त सांभाळणारा वली लागतो, आणि त्या वलीने हिशेब लिहून ठेवायचा असतो. आई हयात असतानाच भावंडांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे. औषधांची नावे, डॉक्टरांचा पत्ता, आजार उलटण्याआधी दिसणारी चिन्हे (झोप कमी होणे, दार लावून बसणे, गोळी जिभेखाली लपवणे) हे सर्व वहीत उतरवावे, कोण काय करील ते ठरवावे. त्या बैठकीत त्यालाही बसवावे, आणि तुला कोणाकडे राहायला आवडेल, हे पहिल्यांदा त्यालाच विचारावे.